काटा पंचेचाळीसवर

तिला घरात सगळे भिंगरी म्हणत. नाव होतं की, चांगलं भारदस्त होतं, पण ते फक्त विजेच्या बिलावर. बाई एका जागी सलग दहा मिनिटं बसलेली कुणी पाहिली असेल तर त्यानं खुशाल पुढे यावं. चहा उभ्यानं, जेवण उभ्यानं, फोनवर बोलायचं ते खोलीभर येरझाऱ्या घालत. शिवणाचा क्लास लावला, बाह्या जोडायची वेळ आली तेव्हा सोडला. गाडी शिकायला गेली, ती मागे कशी घ्यायची हे कळायच्या आत कंटाळली. कपाटावर अर्धा विणलेला स्वेटर पडून होता. ज्या बाळासाठी तो घेतला होता ते आता एकोणीस वर्षांचं झालं होतं आणि दिवसभर गिटार वाजवत होतं.

ही लेक पुढच्या वर्षी शिकायला दूर जाणार असं ठरलं, त्याच दिवशी भिंगरीनं जाहीर करून टाकलं, "तुला नवी गिटार मी देणार. विकत नाही, माझ्या हातानं करून."

"आई, आधी स्वेटर पूर्ण कर," लेक म्हणाली आणि बापलेक पोट धरून हसले.

भिंगरीही हसली. पण लागलं हो तिला! आपली आई काही तडीस नेत नाही, हेच डोक्यात घेऊन पोरगी घरातून जाणार, या विचारानं तिचा जीव खालीवर व्हायला लागला.

रस्त्याच्या टोकाला गिटार करणारे मास्तर होते. पत्र्याच्या छपराची लांबट खोली, भिंतीवर रंधे, पटाश्या, कानशी, आणि दाराशी एक गोल तबकडी. तिच्यावरचा काटा हवेतला ओलावा दाखवायचा. सकाळी दवाखान्यातल्या नोकरीत केसपेपर काढायचे आणि दुपारी मास्तरांकडे शिकायला जायचं, असा भिंगरीचा क्रम सुरू झाला.

हात चांगला होता तिचा, हे मास्तरांनी पहिल्या महिन्यातच मान्य केलं. वरची फळी अडीच मिलिमीटरपर्यंत तासायची, मधेमधे कानाजवळ धरून बोटानं वाजवायची, पुन्हा तासायची. बाजूच्या पट्ट्या पाण्यात भिजवून तापलेल्या नळीवर वाकवायच्या. हे सगळं ती झपाट्यानं शिकली. घोडं अडायचं ते थांबण्यापाशी. सरस वाळेपर्यंत थांबा, लाकूड मुरेपर्यंत थांबा.

"बाई, बसा जरा. लाकूड कुठं पळून जात नाही," मास्तर म्हणायचे.

"लाकूड नाही हो, पोरगी चाललीय माझी!"

मास्तरांचा एकच कडक नियम होता. पेटी बंद करायची, म्हणजे वरची फळी चिकटवायची, ती काटा पंचेचाळीसवर किंवा त्याच्या खाली असतानाच. दमट हवेत लाकूड फुगतं. फुगलेलं असताना कडा पक्क्या केल्या की पुढे ते वाळतं, आकसायला बघतं, आणि जागा नसली की तडकतं. म्हणून फळी लावण्याआधी तिच्या आतल्या अंगाला पेन्सिलीनं तारीख आणि काट्याचा आकडा लिहायचा. पुढे कधी कुणी गिटार उघडलीच, तर करणाऱ्यानं काय केलं होतं ते त्याला कळावं.

लेकीच्या जाण्याला पाच आठवडे राहिले आणि हवेनं दगा दिला. आठवडाभर नुसती रिपरिप. काटा सत्तरवर जाऊन बसला तो हलेना. त्यातच मास्तर डोळ्याच्या ऑपरेशनसाठी गेले. जाताना किल्ली हातात देऊन म्हणाले, "फक्त थांबायचं काम आहे."

तेच तर जमत नव्हतं! भिंगरी रोज यायची, तबकडीवर टिचकी मारायची, खोलीच्या दुसऱ्या टोकापर्यंत जायची, परत यायची, पुन्हा टिचकी. गिटारीची मान बसवायची होती, तारा चढवायच्या होत्या, दिवस भराभर सरत होते. चौथ्या दिवशी तिनं सरस तापवला, फळी उलटी केली, तारीख लिहिली आणि पुढे आकडा लिहिला, पंचेचाळीस. फळी दाबून धरायला शिकंजे आवळले. उघडून बघणार आहे कोण?

मास्तर परतले, एका डोळ्यावर पट्टी. त्यांनी विचारलं, "काटा उतरला होता?" भिंगरी म्हणाली, "हो." त्यांनी कडेच्या सरसावरून एकदा बोट फिरवलं आणि आपला रंधा उचलला.

जायच्या तीन दिवस आधी तारा चढल्या. लेकीनं कारखान्यात येऊन गिटार मांडीवर घेतली, वाजवली, वाजवतच राहिली. मग मान वर करून म्हणाली, "आई, तू खरंच पूर्ण केलीस गं!" भिंगरीला हेच ऐकायचं होतं. दीड वर्षं त्यासाठीच तर चाललं होतं. मग ते ऐकताना तिची नजर दाराशी तबकडीकडे का गेली?

हवा आठवड्यापूर्वीच कोरडी झाली होती. लेक गिटार तिथंच ठेवून घरी गेल्यावर भिंगरीनं फळीवर पोलादी पट्टी आडवी ठेवून पाहिली. पट्टीखालून उजेड दिसत होता. फळी मधोमध खचायला लागली होती. मास्तर लांबून एका डोळ्यानं बघत होते.

"तडकेल?" तिनं विचारलं.

"इथं कदाचित दोन महिने टिकेल. तिकडे खोल्या हिटरनं तापवतात म्हणे. पंधरा दिवस."

"मास्तर, त्या दिवशी काटा सत्तरवर होता."

"माहीत आहे. सत्तरला लावलेला सरस कसा वाळतो ते मला एका डोळ्यानंही दिसतं. तुम्ही कधी सांगताय, एवढंच बघत होतो."

ती त्या खोलीत किती फेऱ्या मारत होती ते फरशीलाच ठाऊक. गप्प बसलं तर? तडा तिकडे जाईल, बोल हिटरला लागेल, आणि पोरगी जन्मभर म्हणेल, आईनं पूर्ण केली होती. शेवटी तिनं लेकीला फोन लावला. "ये इकडे. तुझी गिटार उघडायचीय."

लेक आली तेव्हा मान उतरवून झाली होती. भिंगरी स्टुलावर बसून पातळ सुरी तापवत होती. सुरी फळीच्या कडेत सरकवायची, पाण्याचा थेंब सोडायचा, सरस सैल होईपर्यंत थांबायचं, मग बोटभर पुढे. घाई केली की लाकूड चिरलंच. एक तास गेला, दोन गेले. भिंगरी उठली नाही. लेक आधी चिडून उभी होती, मग शेजारी बसली, मग थेंब सोडायचं काम तिनं आपल्याकडे घेतलं.

फळी अख्खी सुटून आली. लेकीनं ती उलटी करून वाचली.

"पंचेचाळीस? आई, या तारखेला तर माझे कपडे वाळत नव्हते. तू पंख्याखाली घातले होतेस."

"खोटं लिहिलंय ते," भिंगरी म्हणाली. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते तिनं पुसलं नाही. "तुझ्यासमोर पूर्ण करायची होती गं मला."

लेकीनं पॉलिशपेपरचा तुकडा शोधून आईच्या हातात दिला. भिंगरीनं आकडा घासून काढला. मग तारीखही.

तीन दिवसांनी लेक रिकाम्या हातानं गेली. फळी तबकडीशेजारच्या खुंटीवर टांगलेली राहिली. पोचल्यावर तिचा फोन आला तेव्हा हवा पुन्हा बिघडली होती आणि भिंगरी कारखान्यातच होती.

"जेवलीस का? खोली कशी आहे? पांघरूण पुरतं ना?"

"ते राहू दे. काटा किती आहे?"

भिंगरीनं टिचकी न मारता पाहिलं. "एकोणसाठ."

"मग बस," लेक म्हणाली. "उद्या विचारते."

भिंगरीनं स्टूल ओढलं आणि बसली.