खळीचे रंग

सांगलीतल्या एका कॉलनीत, बंगल्याच्या तळमजल्यावर भरणाऱ्या बालवर्गात मी अकरा वर्षं शिकवलं. बंगला ज्यांचा, वर्गही त्यांचाच. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणायचे. मुलं मला ताई म्हणायची. सुरुवातीला आम्ही दोघीच होतो आणि मुलं नऊ. सतरंज्या आम्ही दोघींनी झटकल्या, भिंतीवरचे हत्ती-घोडे आम्ही दोघींनी कापून चिकटवले. दुपारी वर्ग सुटला की त्यांच्या स्वयंपाकघरात बसून चहा प्यायचो. मैत्रीण हा शब्द मी त्यांच्यासमोर कधी उच्चारला नाही, त्या माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठ्या. पण मनात तोच होता.

मी माहेरची साताऱ्याकडच्या औंधच्या बाजूची. बोलताना माझं ‘हाय’ आणि ‘न्हाई’ मध्येच निसटायचं. मोठ्या बाईंनी पहिल्याच आठवड्यात बाजूला घेऊन सांगितलं, "अगं, पालक ऐकत असतात. मुलांसमोर जरा जपून." मी जपायला लागले. इतकं, की घरीसुद्धा ‘आहे’ म्हणायला लागले. फोनवर आई हसायची, "आगं, कुठल्या बाईसंगं बोलतीया मी?"

रंगांचं काम माझ्याकडे आलं ते एका मुलामुळे. दुकानातून आणलेल्या बाटलीतला निळा रंग त्यानं ब्रश चाटून पोटात घातला. झालं काही नाही, पण मी तीन दिवस धास्तावलेली होते. त्या वयाची मुलं हातात आलेली वस्तू आधी तोंडात घालणार, मग बघणार. त्यांना ओरडण्यात अर्थ नव्हता. रंगच असा हवा होता, की पोटात गेला तरी बिघडू नये.

लहानपणी आई सुती लुगड्यांना घालायला खळ शिजवायची. उरलेल्या खळीनं आम्ही कागद चिकटवायचो. मी आईला फोन लावला. ती म्हणाली, "पीठ आदी गार पान्यात कालव. मग चुलीवर ठिव आन् ढवळत ऱ्हा. हात थांबला की गुठळ्या झाल्याच म्हनून समज." मी मैद्याची पातळ खळ केली, त्यात मीठ घातलं. मीठ जरा जास्तच घालायचे. खळ टिकते, आणि एकदा चाटलं की पोरगं परत चाटत नाही.

पिवळ्याची काळजी सांगलीत कुणाला नसते. बाजारातून हळकुंडं आणायची, गिरणीत दळून घ्यायची. सुटी हळद मी कधीच आणली नाही, तिच्यात काय मिसळलेलं असेल सांगता येत नाही. गुलाबी बिटाचा. हिरवा पालकाचा, पण तो दुसऱ्या दिवशी शेवाळ्यासारखा व्हायचा. निळ्यासाठी मी बरेच दिवस अडले होते. मग बंगल्याच्या कुंपणावरची गोकर्णाची फुलं दिसली. ती गरम पाण्यात टाकली की पाणी गडद निळं. त्यात लिंबू पिळलं की जांभळं. आणि हळदीच्या रंगात चिमूटभर खायचा सोडा टाकला की पिवळ्याचा लाल! हे मी मुलांसमोर करायचे. वाटीत सोडा पडला की सगळी एकदम ओरडायची. एक मुलगा दर शनिवारी विचारायचा, "ताई, आज पण होईल का?" जसं काही एखाद्या शनिवारी ते व्हायचंच नाही.

शनिवार हा रंगांचा दिवस. मी सकाळी घरीच खळ शिजवून स्टीलच्या डब्यांतून न्यायचे. मुलं बोटांनी रंगवायची, तळवे उमटवायची, एकमेकांची नाकं रंगवायची. कॉलनीत वर्गाचं नाव झालं ते बरंचसं या शनिवारांमुळे. नऊ मुलांची चाळीस झाली. पालक यायचे आणि मोठ्या बाईंना म्हणायचे, "तुमचे घरगुती रंग फार छान." त्या हसून "हो" म्हणायच्या. माझ्याकडे बोट दाखवलेलं मला आठवत नाही. तेव्हा मला त्याचं काही वाटायचं नाही, हेही खरं.

अकराव्या वर्षीच्या मार्चमधली गोष्ट. शुक्रवारी मोठ्या बाईंच्या नातीचा वाढदिवस झाला. वरच्या मजल्यावर पाहुणे होते, मोठा क्रीमचा केक होता. त्या दिवशी दुपारपासून आमच्या भागात वीज नव्हती. संध्याकाळीही नव्हती. शनिवारी सकाळी मी डबे घेऊन पोचले तेव्हा मोठ्या बाई अर्धा केक घेऊन खाली आल्या.

"मुलांना वाट गं. एवढा उरलाय, वाया कशाला घालवायचा?"

मी खोक्याचं झाकण उघडलं. कडेचं क्रीम ओघळलं होतं आणि वास जरा आंबूस वाटला. म्हटलं, "बाई, फ्रीज बंद होता ना काल? नको वाटायला. उन्हाळा आहे."

त्यांनी बोटानं थोडं क्रीम चाखलं. "काही होत नाही. आम्ही सकाळी खाल्ला की."

मी केक कापला. माझ्याच हातानं कागदी बशांतून वाटला. त्या दिवशी बरीच मुलं आली नव्हती, आणि आलेल्यांतल्या काहींनी तोंड लावून बशी तशीच ठेवली. तीन मुलांनी मात्र दोनदा मागून घेतला. त्यांतली एक साडेतीन वर्षांची मुलगी होती. अबोल, वर्षभर माझ्या ओढणीचं टोक धरून फिरणारी. केक संपल्यावर आम्ही रंगाला बसलो. त्या मुलीनं हळदीच्या रंगात दोन्ही हात बुडवले आणि गालांवर, ओठांवर तो फासून घेतला. तिची आई न्यायला आली तेव्हा ती तशीच होती. आईनं हौसेनं मोबाइलवर फोटो काढला.

दुपारी तोच फोटो पालकांच्या ग्रुपवर आला. खाली लिहिलं होतं, "घरी आल्यापासून उलट्या थांबत नाहीत. मुलांना नेमकं काय देता तुम्ही रंग म्हणून?"

तासाभरात आणखी दोन घरांतून उलट्या-जुलाबांचे निरोप आले. मग ग्रुपवर काय काय आलं, सगळं इथं सांगत नाही. कुणी हळदीतल्या भेसळीबद्दल लिहिलं, कुणी म्हणालं गोकर्ण विषारी असतो, कुणी म्हणालं आम्हाला आधीपासूनच शंका होती. ज्या एका आईनं माझ्याकडून खळीची कृती लिहून नेली होती तिनंही लिहिलं, "अशा गोष्टी तज्ज्ञांनीच कराव्यात." केकचा उल्लेख कुणीच केला नाही. केक वाटल्याचं पालकांना ठाऊकच नव्हतं.

मी धावत बंगल्यावर गेले. मोठ्या बाई सोफ्यावर मोबाइल घेऊन बसल्या होत्या. चेहरा उतरलेला.

"बाई, केकचं सांगा त्यांना. डॉक्टरांना कळायला हवं."

"सांगते," त्या म्हणाल्या. "मी फोन करते त्या तिन्ही घरी. तू ग्रुपवर काही लिहू नकोस."

मी लिहिलं नाही. ती मुलगी एक दिवस दवाखान्यात होती, सलाइन लावलं होतं. सोमवारपर्यंत तिघंही बरी झाली. देवाची कृपा, असं मी म्हटलं आणि मनापासून म्हटलं. मला वाटलं, आता खरं काय ते सगळ्यांना कळलं असेल.

सोमवारी वर्ग सुटल्यावर मोठ्या बाईंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. चहा केलेला होता. टेबलावर कोरा कागद आणि पेन.

"हे बघ," त्या म्हणाल्या, "केकचं सांगितलं तर वर्ग बंद पडेल. चाळीस मुलं जातील. तुझी नोकरी जाईल, माझं नाव जाईल. रंगाचं काय, रंग बंद केले की विषय संपला. तू एक माफी लिहून दे. चार दिवसांत लोक विसरतील."

"पण रंगानं झालेलंच नाही."

"मला माहीत आहे ते. तुला माहीत आहे. आपल्या दोघींना माहीत असलं म्हणजे पुरे नाही का?"

हे वाक्य त्यांनी इतक्या मायेनं म्हटलं, की मला रडू आलं. त्यांनी पाठीवर हात ठेवला. "वाटला तर तूच होतास ना," असंही पुढे म्हणाल्या, अगदी हळू.

मी लिहिलं. मजकूर त्यांनी सांगितला. "माझ्या निष्काळजीपणामुळे बालकांना त्रास झाला याबद्दल मी दिलगीर आहे. यापुढे वर्गात घरगुती रंग वापरले जाणार नाहीत." खाली सही केली. अक्षर माझं, शब्द एकही माझा नव्हता. दहा मिनिटांत त्या कागदाचा फोटो ग्रुपवर होता आणि खाली हात जोडल्याच्या चित्रांची रांग.

घरी यांना सांगितलं तेव्हा यांनी हातातला घास ताटात ठेवला. "तू कशाला सही केलीस?" मी म्हटलं, "त्यांनी सांगितलं म्हणून." अकरा वर्षांच्या कामानंतर याहून बरं उत्तर माझ्यापाशी नव्हतं.

लोक चार दिवसांत विसरले नाहीत. जूनमध्ये नव्या वर्षाला माझ्याकडे वर्ग आला नाही. "काही पालकांनी विनंती केलीये," मोठ्या बाई म्हणाल्या. मला दारापाशी टेबल दिलं, मुलांची हजेरी आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद करायला. आत नवीन शिक्षिका होती, शनिवारी रंग होते, दुकानातले. बाटलीवर लहान मुलांचं हसतं चित्र होतं. मी दारातून बघायचे. मुलं येऊन माझ्या टेबलाला टेकायची, "ताई, तुम्ही आत का नाही येत?" मी म्हणायचे, "मला इथं काम आहे." दिवाळीपर्यंत काढलं. सुट्टीनंतर गेले नाही. मोठ्या बाईंनी फोन केला नाही, मीही केला नाही.

पुढं माझ्या मुलीचं लग्न होऊन ती साताऱ्याला गेली आणि माझ्या तिकडे खेपा सुरू झाल्या. वर्ग सोडल्यावर दोन वर्षांनी एकदा साताऱ्याहून परत येताना कऱ्हाडच्या स्टँडवर गाडी बदलायला उतरले. सांगलीच्या गाडीला वेळ होता. बाकावर बसले, तर शेजारी तीच, फोटो काढणारी आई. मांडीवर पिशवी, बाजूला मुलगी. मुलगी उंच झाली होती, पुढचे दोन दात पडले होते.

आईनं मला ओळखलं. आधी नजर चुकवली, मग म्हणाली, "कशा आहात टीचर?"

"बरी आहे."

मुलगी माझ्याकडे बघत होती. तिनं आईला विचारलं, "ह्या कोण?"

"तुझ्या जुन्या शाळेतल्या," आई म्हणाली.

मुलीनं मान हलवली आणि बिस्किटाचा पुडा फोडायला लागली. ओढणीचं टोक वर्षभर जिच्या मुठीत होतं ती ही. लहान मुलं विसरतात, त्यात तिचा काय दोष? तरी मला तिथं बसवेना. इतके दिवस आत ठेवलेलं बाहेर पडलं.

"तुम्हाला एक सांगू? त्या दिवशी रंगानं काही झालं नव्हतं. आदल्या दिवशीचा केक होता."

मला वाटलं होतं ती दचकेल. ती दचकली नाही. पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत म्हणाली, "माहीत आहे मला."

"मोठ्या बाईंनी सांगितलं?"

"नाही. डॉक्टरांनी विचारलं, बाहेरचं, क्रीमचं काही खाल्लं का. मी नाही म्हटलं. मग हिनंच सांगितलं, केक खाल्ला, दोनदा खाल्ला. डॉक्टर म्हणाले, हळदीनं असं होत नाही, त्या केकनंच झालंय."

"मग तुम्ही ग्रुपवर का नाही लिहिलंत?"

"लिहिणारच होते. रविवारभर दवाखान्यात होतो. सोमवारी घरी आले, मोबाइल उघडला, तर तुमचं माफीपत्र." ती माझ्याकडे वळली. आवाजात राग नव्हता, उलट तिला खरंच प्रश्न पडलेला दिसत होता. "तुम्हीच लिहून दिलं होतं ना टीचर? मग मी काय म्हणणार? मला वाटलं, यांनी रंगातपण काहीतरी घातलं असेल, म्हणून तर कबूल करतायत."

सांगलीची गाडी लागली. ती मुलीचा हात धरून उठली, "येता ना?" म्हणाली. मी म्हटलं, "मागनं येते." ‘मागनं’ म्हटलं, ‘मागून’ नाही, हे मला नंतर जाणवलं. ती गाडी मी सोडली.

बाकावर बसून मोठ्या बाईंना मेसेज लिहायला घेतला. टाइप करायची सवय नाही, पुढची गाडी येईपर्यंत लिहीत होते. विजेपासून सहीपर्यंत सगळं लिहिलं. शिव्या नव्हत्या, पण ‘तुम्ही’ हा शब्द इतक्यांदा आला, की वाचताना मलाच भीती वाटली. शेवटी विचारलं होतं, "तुम्ही त्या तीन घरी फोन केलाच नव्हता ना?" पाठवला. गाडी इस्लामपूरला पोचेपर्यंत दोन निळ्या खुणा दिसल्या. त्यांनी वाचला होता.

उत्तर आलं नाही. त्या दिवशी नाही, त्या आठवड्यातही नाही. महिन्याभरानं गुढीपाडवा होता. सकाळी मोबाइल वाजला, त्यांचं नाव बघून मी हातातलं पातेलं खाली ठेवलं. गुढीचं चित्र होतं. वर शुभेच्छा, खाली बालवर्गाचं नाव आणि ‘प्रवेश सुरू आहेत’. सगळ्या जुन्या पालकांना गेलं असणार, तेच मलाही.

तेव्हापासून सणासुदीला त्यांची चित्रं येतात. मुलगी म्हणते, "ब्लॉक कर की गं आई." मी करत नाही. दर वेळी चित्र उघडते, खाली काही लिहिलंय का बघते, आणि काही नसतं.