घरी नेलेले पेशंट

लातूरच्या आमच्या ट्रस्टच्या दवाखान्यात दर तीन महिन्यांनी विश्वस्तांची बैठक असते. मी आधी वॉर्डात सिस्टर होते. आता गुणवत्तेचं काम बघते, म्हणजे बैठकीत पडद्यावर डॅशबोर्ड दाखवते. लाल, पिवळा, हिरवा. विश्वस्त बहुतेक व्यापारी. हिरवं दिसलं की चहा मागवतात. मीही त्यात खूश होते, खोटं कशाला बोलू.

आमच्याकडे माणूस हाती लागत नाही असं दिसलं की नातेवाईक त्याला घरी नेतात. जीव आपल्या घरात जावा, एवढीच इच्छा. आपल्या जबाबदारीवर नेतो म्हणून सही करतात, गाडी निलंग्याकडे नाहीतर देवणीकडे निघते, आणि माझ्या तक्त्यात तो पेशंट 'डिस्चार्ज' होतो. मृत्यूचा रकाना हिरवाच राहतो. ही पद्धत मीच बसवली होती.

त्या खेपेला ऑपरेशननंतर ताप येऊन घरी नेलेले जरा जास्त वाटले, म्हणून मी एकेका घरी फोन लावला. एकही पेशंट स्वतः फोनवर आला नाही; सगळे गेले होते. जखमेत पू झाला होता, असंच जो तो सांगत होता. नावं मी वहीत लिहून घेतली. मोठ्या डॉक्टरांना सांगितलं, तर ते म्हणाले, बैठक होऊन जाऊ द्या, नोकरी सांभाळा. मी घाबरले आणि गप्प बसले.

बैठकीत सगळं हिरवं दाखवलं. चहा झाला. सगळे उठायला लागले, तेवढ्यात अप्पा माझ्याजवळ आले. अप्पा सगळ्यांत वयस्कर विश्वस्त, मोंढ्यात त्यांची धान्याची आडत.

"सिस्टर, उद्या आमच्या मंडळीचं आपरेशन हितंच ठिवलंय. पोरं पुण्याला न्हेतो म्हणत व्हती. म्या म्हणलं, आपलं हिरवं हाय. हाय नव्हं?"

पलीकडून मोठे डॉक्टर माझ्याकडेच बघत होते. तरी मी म्हणाले, "नाही, अप्पा. घरी नेलेले मी धरलेच नाहीत." आणि वही त्यांच्यापुढे ठेवली.

त्यांनी चष्मा लावला. बोट नावांवरून खाली सरकत देवणीच्या एका नावापाशी थांबलं.

"ह्यो आमचा साडू. ह्याला गाडी म्याच करून दिली व्हती. मातीलाबी गेलतो."

अप्पांनी सगळ्यांना परत खाली बसवलं. त्याच दुपारी ऑपरेशन थिएटर बंद झालं आणि त्यांच्या बायकोचं ऑपरेशन पुढे गेलं. माझी नोकरीही टिकली.

निघताना अप्पांनी हळूच विचारलं, "म्या इचारलं नसतं, तर तुम्ही सांगितलं असतं का?"

मी मान खाली घातली. उत्तर मला ठाऊक होतं. त्या उत्तराची भीती मला अजून वाटते.