आइनोकुराच्या वहीतलं अक्षर

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी मला समजवायला यायला नको. भूतखेत, अंगात येणं, स्वप्नात दृष्टांत... यातलं मी काहीही मानत नाही. साउथहॅम्प्टनच्या एका हॉस्पिटलमध्ये मायक्रोबायॉलॉजी लॅबमध्ये मी एकतीस वर्षं काढली. तिथे सॅम्पलवर नुसतं नाव असून भागत नाही, जन्मतारीखही जुळावी लागते. एक जरी गोष्ट जुळली नाही तर सॅम्पल परत. रिटायर झाले तरी ती खोड काही गेली नाही. आमची मुलगी इरा म्हणते, "आई, तू पोस्टमनला पण आयडी मागशील." मागेनही, काय सांगावं.

तर गोष्ट आहे माझ्या नवऱ्याची, श्रीकांतची, आणि जपानमधल्या गवती छपरांच्या गावांची.

श्रीकांत इथल्या पोर्टवर इंजिनिअर होता, पण वयाच्या नऊ वर्षांपर्यंत वाढला जावळीच्या खोऱ्यात, कुडाच्या भिंती आणि गवताचं छप्पर असलेल्या घरात. दर उन्हाळ्यात ते छप्पर शाकारायला सगळी वाडी जमायची, दोर त्याचे वडील, म्हणजे दादा, आवळायचे, हे मी लग्नापासून ऐकत आले आहे. पुढे ती वाडी धरणाच्या पाण्याखाली गेली. जपानच्या डोंगरांत अजून तशीच मोठाली गवती छपरं आहेत, आणि तिथेही ती शाकारायला सगळं गाव जमतं, असं त्यानं कुठेतरी वाचलं, आणि तेव्हापासून एकच धोशा – ते एकदा बघायचंय.

घाई होती, कारण डोळे. दीड-दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात त्याच्या डाव्या डोळ्याचा पडदा सुटला. ऑपरेशन झालं, फारसं काही हाती लागलं नाही. उजव्या डोळ्यात काचबिंदू. गेल्या वर्षी जूनमध्ये डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं, जे बघायचं असेल ते या वर्षात बघून घ्या. त्या रात्री श्रीकांत जेवला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाला, "ऑक्टोबरमध्ये जाऊ."

जायचं एकदाच, तेव्हा गाव नीट निवडायला हवं होतं. मी एक्सेल शीट केली. पहिलं शिराकावा-गो – सगळ्यात प्रसिद्ध, बस भरपूर, पण फोटोंत घरांपेक्षा माणसंच जास्त. दुसरं मियामा – क्योतोपासून त्यातल्या त्यात जवळ, शांत, पण छपरं तितकी उंच नाहीत. तिसरं आइनोकुरा – छोटंसं, डोंगराच्या कुशीत, बस मोजक्या, मुक्कामाला दोन-चार घरं. माझं मत शिराकावा-गोला, कारण याला दिसत नाही, काही झालं तर माणसं आसपास हवीत. इरा इल्फर्डहून व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "मियामा छान आहे ना, बाबाला जास्त चालायचा नको." आणि श्रीकांत पहिल्या दिवसापासून एकच म्हणत होता, आइनोकुरा.

"का पण?" मी विचारलं.

"मनात भरलंय."

"बघितलेलं नसताना?"

"फोटो बघून भरलं गं. त्यात काय एवढं."

मी त्या शीटमध्ये एक कॉलम वाढवला, 'कारण'. त्याच्या नावापुढे तो रिकामाच राहिला.

तिन्ही गावांतल्या एकेका घरगुती हॉटेलला मी ईमेल केली. जिना किती उंच, उजेड किती, बाथरूम कुठे, आणि नवऱ्याचं नाव, वय, डोळ्यांची अवस्था. दोघांची साधी उत्तरं आली. आइनोकुराहून मात्र मालकीणबाईंच्या सुनेचं उत्तर आलं, मशीननं भाषांतर केलेल्या इंग्रजीत. त्याचा अर्थ असा – श्रीकांत-सान पुन्हा येणार याचा आम्हाला आनंद झाला. या वेळी पत्नीलाही आणत आहेत, हे फारच छान.

पुन्हा?

माझा पहिला संशय – फ्रॉड असणार. आपणच नाव कळवायचं आणि त्यांनी ओळख दाखवायची, ही जुनीच युक्ती आहे. मी उलट लिहिलं, माझे यजमान जपानला कधीच आलेले नाहीत, आपला काहीतरी घोटाळा होतोय. दोन दिवसांनी सुनेनं फोटो पाठवला. पाहुण्यांच्या वहीचं पान. वर आणि खाली जपानी पाहुण्यांचे शेरे, आणि मध्ये चक्क मराठी. वर '॥ श्री ॥'. खाली,

'एकटाच आलो. मेधाला आणायला हवं होतं. छप्पर डोळे भरून पाहिलं.'

त्यापुढच्या ओळी फोटोत कापल्या गेल्या होत्या. समासात इंग्रजी अक्षरांत त्याचं पूर्ण नाव आणि साउथहॅम्प्टन.

आता हे '॥ श्री ॥' म्हणजे काय, ते सांगायला हवं. हा माणूस कोणताही कागद श्री लिहिल्याशिवाय सुरू करत नाही. टेस्कोच्या वाणसामानाची यादी असो की कौन्सिलचा फॉर्म. एकदा जीपीच्या, म्हणजे आमच्या नेहमीच्या डॉक्टरच्या, रिसेप्शनिस्टनं मला विचारलं होतं, हे चिन्ह म्हणजे कुठली ॲलर्जी आहे का. आणि अक्षर... मी त्याच्या जुन्या याद्या काढल्या, फोटोशेजारी ठेवल्या, भिंग घेतलं. त्याचा 'ळ' नेहमी डोक्यावर कलतो. इथेही कललेला. 'मेधा'मधल्या 'ध'ची गाठ तो लावतच नाही. इथेही नाही.

खरं सांगते, मला भुताची शंका आली नाही. बाईची आली. चौतीस वर्षांच्या संसारानंतर. हा गुपचूप जपानला जाऊन आला, आणि 'एकटाच' हे मुद्दाम लिहिलंय, असंच मला वाटलं. त्याचा पासपोर्ट काढून पानन् पान बघितलं. जपानचा शिक्का नव्हता. मग मी सुनेला तारीख विचारली. तिनं कळवलं, आदल्या वर्षीचा नोव्हेंबर, दुसरा आठवडा. आजूबाजूच्या शेऱ्यांवर तारखा होत्या, त्या तिनं गोल करून पाठवल्या.

तो आठवडा मला विसरणं शक्य नाही. ऑपरेशननंतरचा आठवडा. डोळ्यात गॅसचा बुडबुडा भरला होता. तो असताना विमानात बसायला सक्त मनाई, डोळा कायमचा जाऊ शकतो. मनगटावर तसा हिरवा पट्टाच बांधलेला. दहा दिवस तो आमच्या फ्रंट रूममध्ये पालथा पडून होता, तोंड खाली. दर दोन तासांनी मी थेंब घालत होते. चमच्यानं भरवत होते.

म्हणजे हा तिथे नव्हता. आणि अक्षर त्याचं होतं.

मी टॅबलेटवर फोटो मोठा करून त्याच्यासमोर धरला. तो बराच वेळ मान तिरकी करून बघत राहिला. "अक्षर माझं आहे," तो म्हणाला. "पण मी लिहिलेलं नाही."

"मग कुणी लिहिलं?"

"मला काय माहीत?"

"श्रीकांत, माझ्यापासून काही लपवलंयस?"

त्यानं टॅबलेट माझ्याकडे सरकवला. मग म्हणाला, "मेधा, मला तेव्हा टॉयलेटपर्यंत तू धरून नेत होतीस. आणि मी जपानला जाऊन आलो?"

पटत होतं. पण मी अशी आहे की पटलं तरी सोडत नाही. कुणीतरी त्याचं अक्षर गिरवलं असेल. कुणी? कशासाठी? त्याच्या पोर्टवरच्या मित्रांना मी आडून आडून विचारलं. लेस्टरला त्याचा मावसभाऊ असतो, त्याला तर सरळच विचारलं, "तुम्ही कधी जपानला गेला होतात का हो?" तो बिचारा लंडनलाही वर्षातून एकदा येतो. या चौकशांत जुलै गेला, ऑगस्ट गेला. मी बुकिंग करेना. श्रीकांत दोनदा म्हणाला, "ऑक्टोबर जवळ आलाय." मी म्हटलं, हे आधी कळू दे. शेवटी ऑक्टोबर हुकला. मग थंडी, बर्फ, घसरण्याची भीती. आता मेमध्येच जाऊ, असं मीच ठरवलं.

जानेवारीत त्याच्या उजव्या डोळ्याची नजर एकदम खालावली. सुईच्या नेढ्याएवढं उरलं, तेही भर उजेडात.

याची जबाबदारी माझी आहे. ऑक्टोबरमध्ये त्याला दिसत होतं. मी त्याला नेलं नाही, कारण मला वहीतल्या तीन ओळींचा छडा लावायचा होता. इरा एकदाच बोलली, "आई, बाबाचा टाइम तू घालवला." त्यानं मात्र चकार शब्द काढला नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

मेच्या शेवटी गेलो. आइनोकुरालाच. आता वाटतं त्याच्यासाठी गेले असं म्हणावं, पण नाही, वही माझ्या हातात घेऊन बघायची होती मला.

बस हमरस्त्यावर सोडते, पुढे चढ. भाताच्या खाचरांत पाणी भरलेलं होतं आणि मागे ती छपरं, जमिनीकडे उतरत आलेली, पाण्याचा थेंबही आत न शिरू देणारी अशी घट्ट. मी एकेक सांगत होते, तो हं हं करत माझा दंड धरून चालत होता. दारात मालकीणबाई उभ्या होत्या, सत्तरीच्या, कंबरेत वाकलेल्या. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि त्याच्याकडे बघतच राहिल्या. सून फोनमधून भाषांतर करत होती. मी सरळ विचारलं, "हेच आले होते का?"

बाई काहीतरी पुटपुटल्या. फोन म्हणाला, "हेच. बारीक झालेत."

दुपारी आम्ही माळ्यावर गेलो. पूर्वी तिथे रेशमाचे किडे पाळत. दोन्ही टोकांना छोट्या खिडक्या, बाकी मिट्ट काळोख. खिडकीपाशी वासे दिसत होते, पुढे मलाही नीट दिसेना. श्रीकांत मध्यभागी उभा राहिला आणि मान वर केली. मग हळूच म्हणाला, "काही दिसत नाहीये गं."

मी रडले. चौतीस वर्षांत त्याच्यासमोर अशी रडले नव्हते. "माझ्यामुळे," मी म्हटलं. तो म्हणाला, "चल, खाली चहा घेऊ."

खाली शेगडीपाशी बसलो. सुनेनं चहाबरोबर वही आणून ठेवली. पान काढलं. फोटोतलं तेच पान, तीच शाई. या कागदावर कुणी नंतर काही घुसडलंय का, ते मी बोट फिरवून पाहिलं. नव्हतं घुसडलेलं.

"वाच," श्रीकांत म्हणाला.

मी वाचायला लागले. पहिल्या तीन ओळी माहीत होत्या. फोटोत न आलेलं पुढे होतं.

'माळ्यावर गेलो. एकही खिळा नाही, सगळं दोरानं आवळलंय. आमच्या वाडीत दादा असाच पीळ द्यायचे, दोन डावे, एक उजवा. वासे धुरानं काळे झालेत, हात लावला तर गुळगुळीत लागतात. पश्चिमेच्या खिडकीशी एक दोर तेवढा नवा आहे, पिवळा. बाकी सगळ्यांत तोच उठून दिसतो.'

मी थांबले. वही तशीच ठेवली आणि फोनचा टॉर्च लावून पुन्हा वर गेले. पश्चिमेच्या खिडकीशी दोर होता. नवा, पिवळा. खाली येऊन सुनेला विचारलं, हा कधी बांधला? ती म्हणाली, या वर्षी, बर्फ वितळल्यावर. जुना तुटला होता. तो शेरा दीड वर्षापूर्वीचा.

श्रीकांत डोळे मिटून बसला होता. त्याचा चेहरा... मी त्याला इतकं निवांत त्या सबंध वर्षात पाहिलं नव्हतं. "पुढे?" तो म्हणाला.

पान संपलं होतं. मी उलटायला घेतलं, तेवढ्यात त्यानंच म्हटलं, अगदी सावकाश, पाठ असल्यासारखं –

"खालून मेधाचा आवाज येतोय. ती आलेली नाही, तरी येतोय. मला सगळं वाचून दाखवतेय."

मी पान उलटलं. एवढंच लिहिलं होतं. शब्दन् शब्द. खाली त्याची सही.

मी त्याला विचारलं, तुला कसं माहीत? तो म्हणाला, "माहीत नव्हतं. तोंडात आलं." तो खोटं बोलतोय का, हे मी चेहऱ्यावर शोधलं. सवयच आहे ती. काही सापडलं नाही.

परत आल्यावर मी दोन ओळखीच्या डॉक्टरांना विचारलं, एका अक्षरतज्ज्ञ बाईंना वहीचे फोटो आणि त्याच्या जुन्या याद्या दाखवल्या. त्या म्हणाल्या, दोन्ही एकाच हाताचं. ही त्या आठवड्यातली वही, हा त्या आठवड्यातला माझा नवरा, आणि मध्ये सगळी पृथ्वी. नाव जुळतं, अक्षर जुळतं, तारीख जुळत नाही. लॅबमध्ये असते तर सॅम्पल परत पाठवलं असतं. इथे कुणाकडे पाठवू? तुमच्यापैकी कुणाला काही सुचलं तर कळवा, पण 'दैवी' वगैरे नको, ते मी ऐकणार नाही.

श्रीकांतला आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं. परवा इरा आली होती, तिनं विचारलं, "बाबा, तो छप्पर तू खरंच बघितला?"

"बघितलं की," तो म्हणाला, आणि तिला एकेक दोर सांगायला लागला. कधी बघितलं, हे मी मध्ये विचारलं नाही. चहा ठेवायला उठले.