बाबाच्या छातीवरची पट्टी

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. गाडीला लिंबू-मिरची बांधणाऱ्याला "त्यापेक्षा सरबत करून पी" म्हणणारी बाई मी!

मी बंगळुरूला एका कंपनीत इंजिनिअर आहे. अंतराळवीरांच्या छातीवर चिकटवायची पट्टी आम्ही बनवतो... माणूस वर, त्याचे ठोके खाली आमच्या स्क्रीनवर. आधी चाचणीला जमिनीवरची माणसं लागतात, म्हणून पेणला रामवाडीत एकट्या राहणाऱ्या माझ्या बाबाला एक लावली. खरं कारण वेगळंच – गेल्या वर्षी त्याला चक्कर आली होती, आणि हा माणूस दुखणं सांगेल तर शपथ! बाबा गणपती घडवतो. घराला लागूनच कारखाना.

त्या दिवशी सकाळी अकराला स्क्रीनवरची त्याच्या ठोक्यांची रेघ बिघडली. तीन ठोके, मग खंड... पुन्हा तीन, पुन्हा खंड. मी लगेच फोन लावला.

"काय नाय गो, चा पितोय," बाबा म्हणाला. आवाज पार खोल गेलेला.

मी त्याच्या शेजारच्या सुमनकाकीला फोन करून घरी धाडलं. बाबा ओटीवर घामाघूम बसलेला. काकीने त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. तिथल्या ईसीजीच्या कागदावरही तेच – तीन ठोके, खंड. "थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं," डॉक्टर मला फोनवर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात पोचले. बघते तर बाबाच्या छातीवर पट्टी नाही.

"इथे काढली का रे?"

"नाय गो..." तो ओशाळला. "चार दिस झाले. घामानं खाजत व्हती. रेघ बंद पडली तर तू वरडशील, म्हणून मोठ्या गणपतीच्या छातीला लावली. ओली माती, बरी चिकटली."

कारखान्यात जाऊन पाहिलं. पट्टी शाडूत रुतलेली. आणि ते चार दिवस मी त्याची रेघ रोज बघत होते, अगदी शहाण्यासारखी चाललेली, आणि काल अकराला बिघडली तीही या मातीवरूनच!

ओल्या मातीतून काहीबाही सिग्नल येतो, मान्य. पण नंतर मी महिनाभर ओल्या शाडूवर पट्ट्या लावून पाहिल्या – नुसता कचरा. साहेब म्हणाले, डेटा बाद कर.

बाबा म्हणतो, "आयुष्यभर त्यालाच घडवतोय. माजं काय चाललंय त्याला कळणार नाय व्हय?"

एरवी मी भांडले असते. त्या दिवशी त्याच्या छातीवर नवी पट्टी लावली, वर हात ठेवला आणि ढसाढसा रडले.

उत्तर माझ्याकडे आजही नाही. बाबा आहे.