रुपालीचा बोलता लॅपटॉप

टचपॅडची खालची कड बोटाला लागली तेव्हा रुपालीला आधी वाटलं, एखादा कण अडकला असेल. तिने मऊ ब्रशने कडेकडेने झाडलं, फुंकर मारली आणि पुन्हा बोट फिरवलं. कण नव्हता. लॅपटॉपच्या पोटातूनच काहीतरी टचपॅडला वर ढकलत होतं. फार नाही, नखाच्या जाडीएवढं. पण गेली नऊ वर्षं ती त्या यंत्रावर रोज हात फिरवत आली होती. काल ही जागा सपाट होती, हे तिला कुणाला विचारायची गरज नव्हती.

स्वयंपाकघरात आई कांदा चिरत होती. रुपालीने आईला हाक मारली नाही. झाकण हळूच मिटलं आणि वर हात ठेवून ती नुसती बसून राहिली.

रुपाली मांजरेकर शहाडला आईसोबत राहते. माणसं मूळची संगमेश्वरकडची. वडील गुणाजी इथल्या कारखान्यात लागले म्हणून बिऱ्हाड इथे आलं, आणि ते गेल्यावर मायलेकी इथेच राहिल्या. मोठा भाऊ सुदेश लग्नानंतर ठाण्याला गेला. रुपालीची नजर कॉलेजात असताना कडेकडून आवळत गेली. आधी रात्रीचं दिसेना, मग बाजूचं, मग समोरचं. पंचविशीत उजेड आहे की अंधार एवढंच उरलं. दोन वर्षं ती घरात बसून होती. मग ठाण्याच्या एका संस्थेत तिला कळलं की कम्प्युटरच्या पडद्यावर जे असतं ते मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर असतं, आणि ते लावलं की डोळ्यांवाचूनही काम करता येतं. बाबांनी तिला हा लॅपटॉप घेऊन दिला तो तेव्हा.

आज तिचं काम आहे सोसायट्यांच्या सभा टाइप करण्याचं. ठाणे, डोंबिवली, कल्याण, जिथून मिळेल तिथून. सेक्रेटरी मोबाइलवर सभा रेकॉर्ड करतात आणि पाठवून देतात; रुपाली ऐकून त्याचं नीट इतिवृत्त करून देते. पार्किंग, गळती, टाकीची सफाई, वरच्या मजल्यावरचा कुत्रा. तीन माणसं एकदम ओरडत असली तरी कोण काय म्हणालं ते तिला वेगळं काढता येतं. ऑगस्ट-सप्टेंबरात वार्षिक सभांचा हंगाम असतो. हा टचपॅड वर आला तो नेमका सप्टेंबरात.

लॅपटॉपला ती जपायची तशी बायका तान्ह्या मुलालाही जपत नसतील, असं आई म्हणायची. गादीवर कधी ठेवायचा नाही, खालून हवा कोंडते; त्यासाठी बाबांचा जेवणाचा पाट टेबलावर घेतलेला. जवळ चहा आणायचा नाही. काम झालं की जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळायचा. पंख्याचा आवाज तर ती आईच्या श्वासासारखा ऐकायची. घरघर जरा वाढली की हातातलं काम थांबवून यंत्राला गार होऊ द्यायची. दीड वर्षापूर्वी त्याचा पडदा गेला, तो तिला कळलाही नाही. एके दिवशी आई म्हणाली, "अगं, हा काळाठिक्कर का दिसतोय?" रुपाली त्या वेळी त्याच्यावर मजेत टाइप करत होती. पडद्याची तिला गरजच नव्हती, म्हणून तो दुरुस्त केला नाही.

सुदेशला हे सगळं पटत नसे. दर फोनला त्याचं एकच. "रुपा, किती दिवस ते मढं सांभाळणार तू? मी नवीन आणतो ना. सगळं सेट करून देतो."

त्या 'सेट करून देतो'चीच तिला धडकी भरायची. मागे एकदा त्याच्या मित्राने तिचा फोन 'फास्ट करून देतो' म्हणून हातात घेतला आणि आतलं सगळं पुसून नवा करून परत दिला. फोन फास्ट झाला, पण मुका झाला. वाचून दाखवणारा आवाजच बंद. पुढचे काही दिवस फोन हातात असूनही तिला कुणालाही फोन लावता येईना, की कुणाचा आलाय ते कळेना. गुळगुळीत काच नुसती. माणसं घरात वावरत होती, बोलत होती, आणि आपण विहिरीत पडलोय असं तिला वाटत होतं. लॅपटॉपचं तसं झालं तर? त्यात तिचं काम होतं, तिने वर्षानुवर्षं बसवलेल्या शॉर्टकट होत्या, बोटांना पाठ झालेली बटणं होती. नवीन यंत्रावर हे सगळं शून्यापासून, तेही ऐन हंगामात.

म्हणून टचपॅडचं तिने कुणालाच सांगितलं नाही.

त्याच आठवड्यात डोंबिवलीहून कुंडलिक म्हात्रे या सेक्रेटरींची फाइल आली. चार तासांची सभा, आणि इतिवृत्त दोन आठवड्यांनी रविवारी हवं. रुपालीने काम सुरू केलं. टचपॅड रोज थोडा वर येत होता. मध्येच तो आपोआप दाबला जायचा आणि कर्सर भलतीकडेच उडायचा. 'गच्चीवरील गळती' लिहिता लिहिता शब्द वरच्या परिच्छेदात जाऊन पडायचे. तिने टचपॅड बंद करून टाकला. तिला तसाही तो लागत नव्हता. पण मग लॅपटॉपला वास यायला लागला. गोडसर, नेलपेंट काढायच्या औषधासारखा. दर दहा-पंधरा ओळींनी ती सगळं पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यायची. झोपताना चार्जर काढायची, सकाळी उठल्यावर आधी झाकण चाचपायची. आई बोलायला आली की हाताचा पंजा टचपॅडवर पसरून ठेवायची.

आईच्या नजरेतून ते सुटलं नाही. गुरुवारी सकाळी केर काढता काढता आई थांबली.

"रुपा, हे असं टम्म का फुगलंय गं? भाकरीसारखं?"

"काही नाही. जुना झालाय."

"जुनं झालं की फुगतं होय? बाजूने फट पडलीय. आतलं काहीतरी चंदेरी दिसतंय."

रुपालीच्या बोटांना ती फट कालच लागली होती. आतून काही दिसतंय, हे मात्र तिला कुणी सांगितलं नव्हतं. हे टेबल आईच्या पलंगाला लागून होतं. आतल्या बॅटरीने पेट घेतला असता तर आधी आईच्या अंथरुणाने घेतला असता. इतके दिवस आपण फक्त लॅपटॉप जाईल याला भीत होतो, हे तिला तिथे उभ्या उभ्या कळलं.

"आई, चार्जर काढ. बटणही बंद कर," ती म्हणाली. "आपण कल्याणला जाऊ. पण दादाला फोन करू नकोस. आत्ता नको."

रिक्षाने दोघी मुरबाड रोडला उतरल्या. लॅपटॉप रुपालीच्या मांडीवर, पाटावर ठेवलेला, आणि प्रत्येक खड्ड्याला ती तो दोन्ही हातांनी घट्ट धरत होती. लॅपटॉप-मोबाइल दुरुस्तीचं दुकान, पंढरी नावाच्या माणसाचं. आईच्या भिशीतल्या बाईने सांगितलेलं. आवाजावरून चाळिशीचा असावा, बोलताना मध्येच तोंडात स्क्रू धरल्यासारखे शब्द चेपायचा.

"ताई, हा बॉम्ब घेऊन तुम्ही रिक्षातून आलात?" तो म्हणाला. "थांबा, थांबा, टोचू नका कशाने. बॅटरी फुगलीय. कधीपासून?"

"दोन आठवडे," रुपाली म्हणाली, आणि आईचा श्वास थबकल्याचं तिला ऐकू आलं.

स्क्रू एकामागून एक निघाले. झाकण उचकटल्याचा आवाज आला. बॅटरी त्याने बाहेर नेली. वाळूचा डबा सरकवल्यासारखं काहीतरी दुकानाबाहेर वाजलं, मग तो परत आला. रुपालीने खुर्ची पुढे ओढून एक हात टेबलाच्या कडेवर ठेवला होता.

"पंख्यात धूळ केवढी ही. बघा," म्हणून त्याने तिच्या तळहातावर काहीतरी ठेवलं. कापसाच्या वातीसारखं मऊ आणि घट्ट. "म्हणून तापत होता. आणि तापून तापून बॅटरीची वाट लागली. डिस्क पण म्हातारी झालीय, ऐका, टकटक करते. मी काय करतो, नवीन डिस्क टाकतो, फ्रेश विंडोज मारतो. रॉकेट होईल."

"नाही!" रुपाली इतक्या जोरात म्हणाली की शेजारच्या दुकानातलं बोलणं थांबलं. "फ्रेश काही नको. आतलं जसंच्या तसं राहिलं पाहिजे. एक बटण इकडचं तिकडे नको."

"अहो, पण जुना कचरा पण येईल ना त्याच्यासोबत."

"येऊ दे. माझा कचरा आहे."

पंढरी हसला. जसंच्या तसं नव्या डिस्कवर उतरवता येईल म्हणाला, पण तीनेक तास लागतील, ठेवून जा. रुपाली ठेवून जायला तयार नव्हती. आई भाजी घ्यायला गेली. रुपाली तिथेच स्टुलावर बसली. दुकानात माणसं येत-जात होती, कुणाचा चार्जर, कुणाची काच. जुन्या डिस्कची टकटक चालू होती. मध्येच ती थांबली की रुपालीचाही श्वास थांबायचा, पुन्हा सुरू झाली की सुटायचा. तहान लागली होती, पण पाणी पिऊन बाथरूमला जावं लागेल आणि तेवढ्यात हा काहीतरी करेल, म्हणून तिने पाणीही घेतलं नाही.

अखेर पंढरी म्हणाला, "झालं. लावतो. तुमचा पडदा गेलाय म्हणून दुकानातला मॉनिटर जोडलाय. हां... आला. आला बघा! एकदम सुरळीत. सगळ्या फाइली दिसतायत."

रुपाली वाट बघत राहिली. सुरू झाल्यावर पहिला शब्द यायला किती वेळ लागतो ते तिला माहीत होतं. तेवढा वेळ गेला. मग तेवढाच आणखी एकदा. काही नाही.

"बोलत नाहीये," ती म्हणाली.

"चालू आहे, ताई. मी बघतोय ना."

"तुम्ही बघताय. मला काय?" तिचा आवाज फाटला. हात पुढे करून तिने बटणं चाचपली, आवाज सुरू करायची शॉर्टकट दाबली, पुन्हा दाबली. काही नाही. पुन्हा तीच काच, तीच विहीर. "आवाज गेला. मी सांगितलं होतं, काही बदलू नका म्हणून."

पंढरी खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसला. "मी काहीच बदललेलं नाही, देवाशपथ. थांबा. स्पीकरचं चिन्ह तर दिसतंय. आवाज फुल आहे." त्याची बोटं टेबलावर वाजत होती. "गाणं लावून बघतो. पट्टी पुढे सरकतेय, म्हणजे वाजतंय. पण वाजतंय कुठे?"

"कुठेतरी जात असेल," रुपाली म्हणाली. डोळे पुसत असतानाच तिच्या डोक्यात काहीतरी हललं. "तुम्ही तो मॉनिटर कशाने जोडलाय? मागच्या वायरने? त्या वायरमधून आवाजपण जातो का?"

"अर्रर्र," पंढरी म्हणाला. "जातो ना. आणि ह्या मॉनिटरला स्पीकरच नाहीत."

त्याने वायर उपसली. क्षणभर शांतता, आणि मग तो सपाट, घाईघाईचा, नाकातला आवाज दुकानभर बडबडायला लागला. फोल्डरांची नावं, तारीख, 'म्हात्रे सभा भाग दोन'. रुपाली टेबलावर डोकं टेकून रडली. भाजीची पिशवी घेऊन दारात आलेल्या आईला वाटलं, सगळं संपलं.

बॅटरीची ऑर्डर द्यावी लागणार होती. तोवर लॅपटॉप नुसत्या चार्जरवर चालणार होता, म्हणजे लाईट गेली की काम गेलं. शहाडला लाईट जायला काही निमित्त लागत नाही. शुक्रवारी दुपारी ती दोनदा गेली. दर दोन ओळींनी जतन करायची सवय रुपालीने बोटांना लावून घेतली, तरी एकदा गच्चीच्या भांडणाचा अख्खा परिच्छेद उडाला आणि तो पुन्हा ऐकून लिहावा लागला.

शनिवारी सुदेश आला. आईने सांगितलंच होतं. चपला काढायच्या आधीच तो सुरू झाला.

"दोन आठवडे? आईच्या उशाशी? तुला काही वाटलं नाही, रुपा?"

"वाटलं. म्हणूनच नाही सांगितलं," ती म्हणाली. "तू नवीन आणला असतास."

"मग? आणला असता तर काय झालं असतं?"

"तू तो सेट केला असतास, दादा. आणि संध्याकाळी ठाण्याला गेला असतास. मागे माझ्या फोनची काय अवस्था झालेली, आठवतंय? तुम्ही सगळे म्हणत होतात, चालू तर आहे."

आईने त्याच्यासमोर चहा ठेवला. रुपालीला कप उचलल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "मग तू सांग. तुझ्या हिशोबाने कसं करायचं?"

हे तिला कधी कुणी विचारलं नव्हतं. ती चाचरत बोलली. नवीन आण, पण आत्ता नको, सभांचा हंगाम संपल्यावर. आणि उघडायचं नाही. खोका तसाच माझ्या हातात द्यायचा. आवाज मीच बसवणार, जुना चालू असतानाच. चुकलं तर या जुन्यावर मला परत येता आलं पाहिजे.

"आणि तोवर कसलाही वास आला, काही फुगलं, की त्याच दिवशी मला फोन," सुदेश म्हणाला.

"त्याच दिवशी," ती म्हणाली.

रविवारी दुपारी म्हात्र्यांचं इतिवृत्त गेलं. संध्याकाळी त्यांचा फोन आला. रुपालीला वाटलं, काहीतरी उडालंय. पण त्यांना एवढंच सांगायचं होतं की तिने 'जोशी' लिहिलंय ते 'जोशींच्या मिसेस' असायला हवं, नाहीतर पुढच्या सभेत त्यावरून वेगळा विषय निघेल.

नवीन लॅपटॉप दिवाळीनंतर आला, चिकटपट्टीही न काढलेला. आवाज बसवायला तिला एक अख्खी सकाळ लागली आणि मध्ये दोनदा ती रडकुंडीला आली. आता तो खिडकीजवळच्या स्टुलावर असतो. रोज जेवणानंतर ती त्याच्यावर सोपी पत्रं टाइप करते, बोटं चुकतात, ती त्याला शिव्या घालते. मोठी कामं अजून जुन्यावरच. परवा आंबिवलीहून पाच तासांची सभा आली, लिफ्टच्या भांडणाची. कानात हेडफोन घालून ती ऐकत बसली होती आणि मध्येच एकटीच हसली. आईने विचारलं काय झालं, तर म्हणाली, "थांब गं, आत्ता खजिनदार राजीनामा देतोय."