लोणीकाकांची गाडी बंद पडते
सत्तावीस वर्षं टॅक्सी चालवणाऱ्या या गृहस्थांना सगळे लोणीकाका म्हणत. खाण्याशी त्याचा काही संबंध नव्हता. पहिला गिअर टाकून, ॲक्सिलरेटरला न शिवता, नुसता क्लच हळूहळू सोडत ते डिझेल गाडी अशी लोण्यासारखी उचलत, की ती सुटल्याचं मागच्या माणसाला खिडकीबाहेर बघूनच कळावं. नव्या ड्रायव्हरांना हे सांगताना काकांची छाती वीतभर फुगायची.

आणि आता तीच गाडी निघता निघता बंद पडत होती. सिग्नल हिरवा झाला की एक गचका, इंजिन गप्प. गर्दीत मुंगीच्या पावलांनी सरकताना तर चार-चारदा. मागून हॉर्न, शिव्या, आणि काकांचा शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. मोकळ्या रस्त्याला लागली की मात्र बाईसाहेबांची काही तक्रार नाही.

"अहो, गॅरेजात दाखवा की एकदा," बायको म्हणायची.

"बघू, बघू."

दाखवायची काकांना भीती वाटत होती. 'गाडीला काहीच झालेलं नाही,' असं मेकॅनिक म्हणाला तर? मागच्याच महिन्यात त्यांनी कढत पाण्यात पाय बुडवले होते आणि फोड येईपर्यंत डाव्या, क्लचच्या पायाला त्याचा पत्ता नव्हता. साखरेचा आजार पंधरा वर्षांचा जुना. फोड त्यांनी मोज्यात लपवला, बायकोपासूनसुद्धा. पाय गेला की टॅक्सी गेली, आणि त्यांना दुसरं काही म्हणजे काही येत नव्हतं. रोज सकाळी ते अंथरुणात त्या पायाची बोटं हलवून बघत.

मग एके दिवशी गाडी रेल्वेच्या फाटकात, ऐन रुळांवर बंद पडली. मागे आठव्या महिन्यातली एक पोरगी बसलेली. फाटकाची घंटा वाजू लागली. तिसऱ्या किल्लीला इंजिन लागलं. पोरीला घरी सोडून काका थेट गॅरेजात गेले.

मेकॅनिक स्वतः चालवायला बसला, काका शेजारी. बाजाराच्या गर्दीत ते मनातल्या मनात गाडीच्या विनवण्या करत होते: पड गं बाई, बंद पड. तीन सिग्नल गेले. चौथ्याला गचका बसला आणि इंजिन बंद. मागून हॉर्नचा नुसता कल्ला उठला, आणि काकांच्या डोळ्यांत आनंदानं पाणी आलं.

"डिझेलच्या पाइपातून हवा घेतेय, काका," मेकॅनिक म्हणाला.

तासाभरात पाइप बदलून झाला. मेकॅनिकनं एक फेरी मारून आणली, गाडी एकदाही अडली नाही. "घ्या, आता तुम्ही बघा चालवून."

काका ऐटीत बसले. क्लच दाबला, पहिला गिअर टाकला. गचका. इंजिन बंद.

खिडकीत वाकलेला मेकॅनिक म्हणाला, "काका, क्लच एकदम सोडलात."

"छे! अजून दाबूनच धरलाय की."

मेकॅनिक खाली बघत होता. मग काकांनीही बघितलं. डावा पाय क्लचच्या शेजारी, मॅटवर पडलेला होता.