पाटीवर ‘दासोह’च राहील

देव आहे की नाही, यावर मी कधी पत्रक काढलं नव्हतं. माझा आस्तिकपणा म्हणाल तर तेवढाच. गळ्यात आईनं बांधलेलं इष्टलिंग होतं, पण जीभ मोर्चाची. लातूर नुकताच जिल्हा झाला होता आणि वर दुष्काळ पडला होता. नव्या जिल्ह्याच्या कौतुकाच्या कमानी उभ्या राहत होत्या, नव्या भिंतींवर पाणी मारलं जात होतं. आमच्या उदगीर रस्त्यावर खडी फोडणाऱ्या बायका मात्र विहिरीच्या तळाला पोहरा खरवडत होत्या. अशा वेळी ज्याला संताप येत नाही, त्याच्या भक्तीवर माझा आजही विश्वास नाही.

त्या खडीवाल्यांसाठी आम्ही रस्त्याकडेच्या मठात दुपारचं जेवण सुरू केलं. पाटी रंगवायला मी बसलो. माझे मामा, बसप्पा, धान्याचे व्यापारी. जोंधळा त्यांनीच दिलेला. ते म्हणाले, “अन्नदान लिही की रे. दासोह आपल्या लोकांच्या भायेर कुणाला कळतंय?” मी ऐकलं नाही. दान या शब्दाशी माझं भांडण आहे. त्याचा अर्थ नुसता ‘देणं’. त्यात देणारा ताठ उभा राहिला तरी चालतो. दासोह तसा नाही. तो आला ‘दासोहम्’वरून, म्हणजे ‘मी दास आहे’. आमच्या लिंगायत संतांनी, म्हणजे शरणांनी, हा शब्द वाढणाऱ्याच्या तोंडी घातला आणि पंगतीला बसलेल्याला देव ठरवलं. तेव्हा मी ठळक अक्षरांत ‘दासोह’ लिहिलं. मामा म्हणाले, “लिही बाबा. भाकरीला काय, कोणत्या बी नावानं खाल्ली तरी पोट भरतंय.”

मग मठाची विहीर आटली. जोंधळ्याची पोती होती, पण पीठ मळायला पाणी नाही. सरकारी टँकरसाठी अर्ज केले, घोषणा दिल्या; उत्तर नाही. एका सकाळी हौदाच्या तळाशी नुसता गाळ उरला. खडीवर काम करणारी नागरबाई आपलं गाठोडं बांधून मठाच्या पायरीवर येऊन बसली. तिची म्हातारी सासू चालू शकत नव्हती. “आज चूल पेटली न्हाई तर मी लेकरं घेऊन हैदराबादला निघते,” ती म्हणाली. “म्हातारीला इथंच टाकावं लागंल. तुमच्या देवाला सांगून ठेवा.” तिच्यामागं खडीवाल्यांची निम्मी वस्ती उठणार, हे उघड होतं. मी आत जाऊन पिंडीपुढे उभा राहिलो. मागणं मला कधी जमलंच नव्हतं. मी भांडलोच: आम्ही दास म्हणवतो, मग मालक कुठं आहे?

बाहेर गाडीचा आवाज आला. पाहतो तर भरलेला टँकर मठाच्या आवारात वळला होता आणि बायका भांडी घेऊन धावल्या होत्या. ड्रायव्हर पिकल्या दाढीचे, हदगावकडचे. “पाणी कुठं सोडू?” त्यांनी विचारलं. बोलता बोलता कळलं की त्यांना पुढच्या दासोबाच्या माळावर जायचं होतं, एका ठेकेदाराच्या बांधकामाला. पाटीवर ‘दासो’ एवढं वाचलं आणि गाडी वळवली.

मामांनी माझा दंड दाबला. “गप ऱ्हा. देवानंच धाडलंय.”

पण खोटं बोलून घेतलेल्या पाण्यानं दासोह कसा करायचा? मी म्हणालो, “चाचा, हे दासोबा न्हाई. दासोह हाय.”

नागरबाई कडाडली, “ह्या शब्दाचं खूळ आमच्या जिवावर कामून रे?”

चाचा गोंधळले. “दासोह म्हंजे?”

मी अर्थ सांगितला. त्यांनी मान हलवली. “हाव. आमच्यात खिदमत म्हंतेत. मंग दास कोण हाय इथं?”

“जो देतो तो.”

“आन देनार कोण हाय?”

मी ‘आम्ही’ म्हणायला गेलो, पण आमचा हौद कोरडा होता.

त्यांनी हौदात वाकून पाहिलं, गाडीकडं परतले आणि नळी जोडता जोडता म्हणाले, “मंग आज मी हाय. टँकर माजा सोताचा हाय. एक खेप बुडंल, बुडू दे.”

पाणी हौदात पडू लागलं. नागरबाईनं गाठोडं तिथंच सोडून घागर भरली आणि पहिलं पाणी सासूला पाजलं. चूल पेटली. पंगतीत चाचांना मी वाढलं. त्यांनी पोटभर खाल्लं आणि मामांना म्हणाले, “तुमचा भाचा लई कटकटी हाय. पर खोटा न्हाई.” मामा म्हणाले, “न्या त्याला हदगावला. काही दिवस आमच्या कानाला आराम.”

यावरून कुणी हात जोडून घरी बसायचा धडा घेऊ नये. पाणी हक्काचं आहे. पुढच्याच आठवड्यात आम्ही मोर्चा काढला आणि वस्तीला टँकर मिळवला. तोवर चाचा परतीच्या वाटेवर टाकीत उरलेलं पाणी आमच्याकडे सोडून जात राहिले. वस्ती उठली नाही.

पण त्या दिवसापासून मी पिंडीपुढे भांडत नाही. दासोहम् म्हणताना माझा सगळा जोर त्यातल्या ‘अहम्’वर असायचा. हे सगळं माझ्यामुळे चाललंय, हा समज तेवढा सोडायचा. काम सोडायचं नाही. शरण जाणं मला एवढंच कळलं आणि तेवढं पुरतं. त्या चाचांना, आणि ज्यानं त्यांना अर्धाच शब्द वाचायला लावला त्याला, आमच्या रीतीचा नमस्कार: शरणार्थ.